नीलाक्का, ते पाणी मी दिलं होतं

नीलाक्का, आपल्याच आजारपणाच्या सूचना कुणी अशा देतं का ग? "दार लोट. खिडकीवर लुगडं टाक, उजेड नगं. भांडं वाजू दिऊ नको." दात घट्ट बसले होते, त्यांच्या फटीतून एकेक शब्द बाहेर येत होता, आणि तरी आवाज तोच होता. बाळंतिणीच्या खोलीत उभी राहून "गर्दी कमी करा, पाणी गरम करा" म्हणायचीस तो. मला क्षणभर वाटलं, आत दुसरंच कुणी आजारी आहे आणि तू नेहमीसारखी मला कामाला लावते आहेस.

आज तुला जाऊन आठ दिवस झाले. अजून मी तांब्या खाली ठेवताना हात धरून ठेवते. काल शरणीनं, माझ्या पाच वर्षांच्या पोरीनं, परातीवर पळी वाजवली तर मी धावत जाऊन तिचा हात पकडला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कुणासाठी आवाज बंद करायचा हे मलाही सांगता येईना, म्हणून मी तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला.

मला अजून खरं वाटत नाही. साप चावला असता, नदीचं पाणी चढलं असतं, तर निदान कशाला तरी शिव्या देता आल्या असत्या. पायाला एक फोड येतो, त्यातून दोऱ्यासारखा नारू निघतो, ते तर आमच्याकडे दर उन्हाळ्याला घरटी एकाला होतंच. गडी माणसं महिनाभर बाजेवर पाय वर करून पडतात, आणि पेरणीला उठतात. नारूनं माणूस मरतं का? आणि मरायचंच तर तू? गावाला नारू म्हणजे काय हे जिनं सांगितलं, ती?

धनुर्वात हा शब्दही तूच शिकवलास. त्याआधी आठव्या दिवशी मूल आकडून गेलं की आम्ही म्हणायचो, बाहेरचं लागलं. माझा पहिला मुलगा तसाच गेला. दूध ओढायचं त्यानं थांबवलं, जबडा वळला, आणि दोन दिवसांत संपलं. तेव्हा तू गावात नव्हतीस. पोलीस ॲक्शन होऊन गेली, निजामाचा अंमल उठला, त्याच्या पुढच्या वर्षी तू आलीस. पांढरं लुगडं, गळ्यात लिंग, हातात कातडी पिशवी, आणि चालणं असं की बैलगाडी मागं पडावी. आमच्या बीदरकडच्या मेहकरात कुणी म्हणालं, भालकी गावच्या एका घरातली बालविधवा आहे, भावानं हैदराबादला धाडून दाईपण शिकवून आणलंय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "जिला लेकरू न्हाई ती काय बाळंतपन करनार?"

आणि त्याच आत्याबाईंच्या चुलीवर तू शरणीच्या वेळी भाताच्या भांड्यात नाळ कापायचं पातं उकळायला टाकलंस. मी कळा देत होते आणि बाहेर तुमची जुंपली होती.

"भाताच्या भांड्यात लोखंड शिजवायलीस व्हय ग?"

"व्हय आत्या. मीठबी टाकू का?"

मला त्या अवस्थेत हसू आलं. त्या हसण्यातच शरणी झाली असं तू पुढं गावभर सांगत फिरलीस. नाळेवर राख नाही, शेण नाही, नुसती उकळलेली चिंधी. सातवा दिवस गेला, आठवा गेला, नववा गेला. नवव्या दिवशी आत्याबाईंनी तुझ्या पुढ्यात पुरणपोळी ठेवली. तू चार खाल्ल्यास. पाचवी मागितलीस, तेव्हा त्या म्हणाल्या, "भूक तरी मापात ठेव." तेव्हापासून तू घरची झालीस.

तुझ्या बाळंतविड्याची सगळ्या गावानं चेष्टा केली होती. लोक झबलं आणतात, टोपडं आणतात, तू आणायचीस गाळणं. धोतराचं जुनं पान, दुहेरी घडी घालून, कडेनं स्वतः टीप मारलेलं. "लेकरासाठी न्हाई, लेकराच्या मायसाठी हाय. घागरीच्या तोंडाला बांधायचं, आन पानी वतायचं." बायका ते घ्यायच्या, आणि घरी जाऊन त्यात हुरडा बांधायच्या. तू ते बघायचीस. रागवायची नाहीस. दुसरं शिवून द्यायचीस. तुला बीदरच्या मोठ्या दवाखान्यात बदली आली होती, तिथं राहायला खोली, हाताखाली माणसं, आणि तू कागद परत धाडलास. मी विचारलं, कामून? तर म्हणालीस, "तिथं आजारी मानसं माझ्याकडं यीतील. हितं मला ती आजारी पडायच्या आधी गाठ पडतेत." मला ते फारसं पटलं नाही. एवढी शिकलेली बाई, आणि आमच्या धुळीत कशाला राहते, असं मला वाटायचं. मी ते कधी बोलले नाही, पण तुझ्या लक्षात आलं असणार.

खरं भांडण आपलं बारवेवरून. आमच्या घरची बारव, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेली. काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, त्यामुळं हातापायाला पाणी लागतं, लेकरंसुद्धा वाकून पितात. गावाला ती बारव म्हणजे आमच्या घराची शान. आणि तू पहिल्याच उन्हाळ्यात चावडीवर उभी राहून म्हणालीस, ह्या पायऱ्या बुजवा. नारू झालेला माणूस आग होते म्हणून पाय पाण्यात बुडवतो, नारू आपली अंडीपिल्ली त्या पाण्यात सोडतो, आणि तेच पाणी दुसरा पितो. पायऱ्या बुजवून, वर कठडा बांधून, रहाट लावा. बारवेचा आड करा. कुणाचा पाय पाण्याला लागायला नको.

भावजी, माझे थोरले दीर, तेव्हा चांगलेच तापले. "आमच्या पंज्यानं तहानलेल्या मानसाला उतरता यावं म्हनून पायऱ्या केल्या. तू त्याचं पुण्य बुजवायला निघालीस?" तू म्हणालीस, "पुण्य पाण्यात हाय भावजी, पायऱ्यात न्हाई." सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला. त्या वर्षी चावडीवर दुसराच विषय होता. हैदराबाद राज्य मोडलं तर आपण महाराष्ट्रात जाणार की कर्नाटकात. अर्धा गाव घरात मराठी बोलतो, दुकानात कन्नड, आणि कचेरीत उर्दू. माणसं तावातावानं भांडायची. तू मध्येच बोललीस, "तुमी कुठंबी जावा. नारू तुमच्या पायात बसून तुमच्यासंगंच यील." तू अर्जही तिन्ही भाषांत केलेस, कारण कुठली भाषा चालेल हे कचेरीतल्या माणसालाच ठाऊक नव्हतं. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा मला म्हणालीस, आता तेलुगूत करून बघते.

पुरुषांचं एक असायचं, बायकांचं दुसरं. पाण्याची पूजा. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडते ती बारवेवर. पायऱ्या उतरायच्या, पाण्याला हळदकुंकू वाहायचं, कलश भरायचा, त्यातली पहिली ओंजळ सुइणीला द्यायची. पायऱ्या बुजल्या तर पूजा कुठं करायची? तू त्यावर चार दिवस डोकं लढवलंस, आणि म्हणालीस, पाणी शेंदून वर काढा, कठड्यावर घागर ठेवा, तिची पूजा करा. आत्याबाई म्हणाल्या, "गंगेला वर बोलवायलीस? ती काय तुझी मोलकरीन हाय?" तुला उत्तर सुचलं नाही असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आणि मी? मी तुझ्या बाजूची होते. पण फक्त तुझ्या खोलीत. तुझ्याजवळ बसून मी म्हणायची, तुझं खरं आहे आक्का. घरी आले की थोरल्या दिरांपुढं डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि गप्प. तू एकदा चिडून म्हणालीस, "माझ्यापशी खरं बोलून काय उपेग काशी? मला ते ठाऊकच हाय." मला राग आला. दोन दिवस मी तुझ्याकडे आले नाही. तू शरणीला लस टोचायच्या निमित्तानं येऊन बसलीस आणि चहा मागितलास. भांडण तिथंच राहिलं. ते आजही तिथंच आहे, आणि आता तू त्यात माघार घेऊ शकत नाहीस की मला हरवू शकत नाहीस.

आता जे तोंडानं कधी बोलले नाही ते लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात, माझ्या धाकट्याच्या, वीरूच्या वेळची पाण्याची पूजा. बारवेचं पाणी तळाला गेलेलं. आम्ही बायका खालच्या पायरीपर्यंत उतरलो. नुकतेच पाण्यातून पाय काढून दोघे गडी वरच्या पायऱ्यांवर बसले होते, एकाच्या घोट्याला चिंधी होती. मी ते पाहिलं होतं. मी हळदकुंकू वाहिलं, कलश भरला, आणि तू ओंजळ पुढं केलीस. तू दिलेलं गाळणं माझ्या कमरेला खोचलेलं होतं. माझा हात तिकडे गेलाही. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "दे की. गंगा काय गाळून देतेत व्हय?" गावच्या सगळ्या बायका बघत होत्या. मी हात मागं घेतला आणि तुझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

तू पाण्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. तू प्यालीस. एक नाही, तीन ओंजळी, रीतीप्रमाणं. आणि पदरानं तोंड पुसून म्हणालीस, "गोड हाय, आत्या." आत्याबाई किती खूश झाल्या होत्या, आठवतं? घरी येईपर्यंत तुझा हात सोडला नाही त्यांनी.

तू कुणाचंच पाणी नाकारायची नाहीस हे मला ठाऊक होतं. जमेल तिथं हसत हसत आपलंच फडकं काढून गाळून घ्यायचीस. पण जिथं कुणी दोन्ही हातांनी तांब्या पुढं केला, तिथं नाही. वेशीबाहेरच्या वस्तीवर, जिथं लोक ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी पितात, तिथं तुला पिताना मी पाहिलं आणि येताना तुझ्याशी भांडले. तू म्हणालीस, "मी लिंगायताची विधवा. म्या पानी नगं म्हनलं तर त्यास्नी काय वाटंल? किडा हाय म्हनून नगं म्हनायलीय असं वाटंल का बाट हुतंय म्हनून? मग उद्या त्यांच्या पोरीला कळा आल्या तर मला बोलवायला यीतील का कुणी?" मी म्हणाले, म्हणून तू मरणार का? तर म्हणालीस, नारूनं कुणी मरत न्हाई.

ह्या उन्हाळ्यात तुझ्या डाव्या घोट्याजवळ फोड आला. नारूला वरीस लागतं, हे तूच शिकवलेलं. मी बोटांवर महिने मोजले. अकरा. मी तुला विचारलं, कुठल्या पाण्यानं झालं असंल ग? तू म्हणालीस, "कामून इचारायलीस? हजार ठिकाणचं पानी प्याले मी." आणि माझ्याकडे न बघता नारू काडीला गुंडाळायला लागलीस. हजार ठिकाणचं. त्या शब्दाला धरून मी महिनाभर झोपले. झऱ्याचं असेल, दुसऱ्या कुठल्या गावचं असेल. असेलही. पण मला वाटतं, तुला ठाऊक होतं. ठाऊक असून मला हजार घरांच्या मागं लपू दिलंस.

रोज सकाळी मी तुझ्याकडे यायची, आणि आपण दोघी मिळून तो नारू काडीवर बोटभर गुंडाळायचो. ओढायचा नाही, ओढला तर आत तुटतो आणि पाय सडतो. तुझ्या पायाची आग होत असताना तू एकदाही बारवेकडे गेली नाहीस. घमेल्यात पाय ठेवायचीस आणि ते पाणी लांब तापल्या दगडावर ओतायला लावायचीस. मी म्हणायची, मरू दे तुझं, एक दिवस बुडव पाय, कुणाला कळतंय. तू म्हणायचीस, "नारूला कळतंय की." आणि दोघी हसायचो. ह्या आजारपणात मला तुझी जितकी सोबत मिळाली तितकी सहा वर्षांत मिळाली नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण मला ते दिवस आवडले होते.

मग तो सोमवार. नदीपलीकडच्या वस्तीवरून माणूस आला. सून दोन दिवस कळा देतेय, गोठ्यात ठेवलीय. तू पिशवी उचललीस. मी दारात आडवी झाले.

"उघडी जखम घेऊन गोठ्यात जायलीस? शेणामुतात?"

"चिंधी बांध घट्ट."

"न्हाई बांधत. सुईन हाय तिथं."

"दोन दिस झाले काशी तिला."

"तुला लोकाची लेकरं दिसतेत, आपला पाय दिसंना!"

तू खाली बसलीस, स्वतःच चिंधी बांधलीस, आणि लंगडत गेलीस. मी "जपून जा" म्हणाले नाही. दारातून उठलेही नाही, तू माझ्या अंगावरून पाय टाकून गेलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलीस ती घामानं भिजलेली, शेणानं भरलेली, आणि हसत. "पोरगी हाय. लै वरडायलीय. मायबी धड हाय." मी अजून फुगलेली होते. मी पाणी तापवून दिलं, पण पोरगी कुणासारखी आहे असं विचारलं नाही. तू लाल औषधाच्या पाण्यानं पाय धुतलास, घासघासून. तुलाही भीती वाटली होती म्हणायची.

पुढच्या बुधवारी सकाळी मी काडी गुंडाळायला आले, तर तू भिंतीला टेकून बसली होतीस. समोर भाकरी तशीच. म्हणालीस, "काशी, तोंड उघडंना." मी म्हणाले, दाढ सुजली असंल, लवंग आणते. तू मान हलवलीस. इतक्या शांतपणे हलवलीस की मला त्याच क्षणी कळलं. माझा पहिला मुलगा डोळ्यांपुढं आला. औषध आणायला सायकलवर माणूस धाडला, गाडी जुंपून तुला हलवावं म्हटलं तर तूच नको म्हणालीस, हिसक्यानं, उजेडानं, आवाजानं झटके येतात म्हणून. त्यावरच त्या सूचना: दार, खिडकी, भांडी. मग मला जवळ बोलावून म्हणालीस, "पायाची चिंधी जाळ. बारवंवर धुवू नको." त्यानंतर झटके सुरू झाले. तू मला काहीच म्हणाली नाहीस, आक्का. मी वाट बघत होते. तुझं शेवटचं वाक्य बारवेबद्दल निघालं. औषध घेऊन माणूस आला तेव्हा गुरुवारचा सूर्य कलला होता आणि तू गेलेली होतीस.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून नेतात. तुझी मान मागं ओढलेली, स्वामींना ती सरळ करता येईना. शेवटी तशीच विभूती लावली. सगळा गाव आला होता. वेशीबाहेरची वस्ती लांब उभी राहिली होती, आणि नदीपलीकडचा तो माणूस, ज्याच्या सुनेला तू सोडवलंस, तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "परवाच तर गेल्या की आमच्याकडनं. परवाच तर." सगळ्यांच्या मनात तेच होतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर माणसं बसली. भावजी रडत होते, खोटं नाही. ते तुझ्याशी भांडायचे पण तुझ्यासाठी घरचं तूप तेच बाजूला काढून ठेवायचे. म्हणाले, "आक्कानं ह्या गावासाठी जीव झिजवला. तिचं नाव ऱ्हायला पायजे. बारवंच्या दुसऱ्या अंगानं तिच्या नावानं नव्या पायऱ्या बांधू. शिळा बसवू. तहानलेलं मानूस उतरंल, पानी पील, आन तिचं नाव घील." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले. गवंड्याला निरोप गेलासुद्धा.

मी दाराच्या आत उभी होते. आधी मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. नव्या पायऱ्या. तुझ्या नावाच्या. आक्का, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, आणि मग रात्रभर रडली असतीस. त्यांना कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं. ही चांगली माणसं आहेत. चांगल्या माणसाच्या नावानं चांगलं काम करायचं तर पाण्याला वाट करून द्यायची, हेच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक.

मी उंबरा ओलांडून बाहेर आले. लग्नाला अकरा वर्षं झाली, ओट्यावर पुरुष बसलेले असताना मी कधी तिथं पाय ठेवला नव्हता. म्हणाले, "भावजी, आक्काला नारू ह्याच पायऱ्यावर झाला. वीरूच्या पूजेला. पानी म्या दिलं. न गाळता दिलं. गाळनं कमरंला हुतं, आन म्या काढलं न्हाई."

ह्यांनी, माझ्या नवऱ्यानं, मान खाली घातली. भावजी माझ्याकडे बघत राहिले, रागानं नव्हे, समजत नसल्यासारखे. म्हणाले, "पन मग तिनं प्यालंच कामून? तिला तर समदं ठाऊक हुतं."

उत्तर माझ्या मागून आलं. आत्याबाई दारात येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "प्याली नसती तर आपुन काय म्हनलो असतो? आक्का आपल्या घरचं पानी पीत न्हाई, असंच की न्हाई? म्हनून प्याली." मग, "न गाळता दे म्हनून म्याच म्हनले हुते. काशीनं हात घातला हुता कमरंला. म्या बघितलं."

गवंडी दोन दिवसांनी आला. दोरी टाकून माप घेताना त्यानं भावजींना विचारलं, पायऱ्या किती धरू? भावजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "एकबी नगं. हायत त्या बुजव." गवंड्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट झाली. त्यानं पुन्हा भावजींकडे पाहिलं. भावजी म्हणाले, "आई सांगती तसं कर," आणि उठून शेताकडे निघून गेले. त्यांना बघवलं नसतं. मला त्यांचा राग नाही आला. पंजोबांचा हात आहे त्या दगडांवर.

आज सकाळी काम सुरू झालं. पाणी तळाला आहे, आठवडाभरात होईल असं गवंडी म्हणतो. पहिला दगड खालच्या पायरीवर बसला, चुना ओतला, आणि मी तिथून जी निघाले ती तरातरा चालत सुटले. मारुतीचं देऊळ मागं पडलं, शाळा आली, तुझ्या खोलीचा पत्रा दिसायला लागला. मनात वाक्यं जुळवत होते, आधी तुला ओळखायला लावायचं की एकदम सांगून टाकायचं. मागून आत्याबाईंचा आवाज आला. त्या काठी टेकत माझ्या मागं मागं आल्या होत्या.

"कुठं निघालीस ग?"

"आक्काला सांगायला," मी म्हणाले.

म्हणाले आणि मग कळलं. पाय जागच्या जागी थांबले. आत्याबाई जवळ आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, येडी का खुळी तू. त्यांनी माझ्या दंडाला धरलं, दम खाल्ला, आणि म्हणाल्या,

"चल. मीबी येते."